पाडव्याला न उघडलेली गॅलरी

अध्यक्ष झालो त्या दिवशी आमच्या हिनं विचारलं, "अध्यक्षाला काम काय असतं?" मी म्हटलं, मान असतो. ती म्हणाली, "ते कळलं. काम काय असतं?" या प्रश्नाचं उत्तर सापडायला मला बरेच महिने लागले, आणि ते सापडलं नेसरीच्या पुढच्या एका खेड्यात. गावाचं नाव लिहीत नाही. चूक झाली ती गावाची नव्हती, मग उगाच गावाला का ओढा?

गोष्ट सत्तरच्या दशकातली. राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वर माझं ऑफिस होतं. एक ड्रॉइंग बोर्ड, दोन स्टुलं आणि खालून येणारा औषधांचा वास. कोल्हापुरातल्या आर्किटेक्ट, इंजिनियर आणि जुन्या ओव्हरसियर मंडळींची आमची एक संस्था होती. दर वर्षी दिवाळी झाली की नवा अध्यक्ष. त्या वर्षी माझा नंबर लागला. निवडून आलो म्हणायला हरकत नाही, पण खरं म्हणजे उभं राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

आता अध्यक्षाची कामं सांगतो. कुठं फरशीचं दुकान निघालं, अध्यक्षांनी फीत कापायची. कुणी वीटभट्टी टाकली, अध्यक्षांनी पहिली वीट हातात धरून फोटो काढून घ्यायचा. मंगळवार पेठेतल्या दोन भावांचं मधल्या भिंतीवरून भांडण लागलं, तर निवाड्यालाही अध्यक्ष. मी टेप घेऊन गेलो. थोरल्याकडचा चहा प्यालो, तर धाकट्याकडचाही प्यावा लागला, नाहीतर मी फितूर ठरलो असतो. मापं घेतली आणि निघालं काय, तर भिंत दोघांचीही नव्हती, ती पालिकेच्या गटारीवर उभी होती. दोघांनी मिळून मला शिव्या घातल्या. तीन वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ त्या दिवसापासून बोलायला लागले. अध्यक्ष म्हणून केलेलं हे माझं पहिलं विधायक कार्य.

मला हे सगळं आवडत होतं, खोटं कशाला सांगू? शाल, श्रीफळ, हार, व्यासपीठावरची मधली खुर्ची. माझे वडील गवंड्यांच्या हाताखालच्या मजुरांचे मुकादम होते. त्यांचा मुलगा मधल्या खुर्चीवर बसतो याचा मला अभिमान होता आणि तो मी लपवतही नव्हतो.

आता बापूसाहेबांविषयी सांगायला हवं. बापूसाहेब म्हणजे संस्थानच्या काळातले ओव्हरसियर. पुढं स्वतःची कामं घ्यायला लागले. मी त्यांच्याकडं चार वर्षं उमेदवारी केली, जे काही शिकलो ते त्यांच्या हाताखाली. धोतर, काळा कोट, पायात जाड तळव्याचे बूट, आणि खिशात कायम भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा. त्यांचा एक नियम होता. स्लॅबच्या दिवशी इंजिनियरनं साइट सोडायची नाही. घरात लग्न असो की मयत, पहिलं घमेलं पडल्यापासून शेवटचं घमेलं पडेपर्यंत तिथं उभं राहायचं. ते म्हणायचे, भिंत चुकली तर पाडता येते, रंग चुकला तर खरवडता येतो, पण स्लॅबच्या पोटात काय गेलं ते पुन्हा दिसत नाही. ते जाताना बघणारं कुणीतरी हवं.

स्लॅबचा दिवस म्हणजे आमच्याकडं एक सणच असतो. सकाळी नारळ फुटतो, दुपारी मटणाचं जेवण. मालक घरच्या कार्यासारखी धावपळ करतो. पन्नास-साठ माणसं रांगेनं घमेली पोचवत असतात, मिक्सर गुरगुरत असतो आणि एकदा सुरू झालेलं काम मध्ये थांबवता येत नाही.

मी अध्यक्ष झालो त्या समारंभाला बापूसाहेबांच्या हातूनच हार घ्यायचा, असा माझा हट्ट होता. त्यांना दोन पत्रं लिहिली. त्यांनी कळवलं की त्या दिवशी नेसरीकडच्या शाळेच्या हॉलचा स्लॅब आहे, येणं जमणार नाही. तरीही मी एका मित्राची जीप मागून घेतली आणि दुपारी साइटवर धाडून दिली. संध्याकाळी समारंभ सुरू झाला आणि पाठोपाठ बापूसाहेब आले. बुटांवर ओलं सिमेंट, कोटावर शिंतोडे. मला हार घातला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, मोठा स्लॅब झालाय, गॅलरीचा तेवढा राहिलाय, दत्तू बघतोय. दत्तू म्हणजे त्यांचा जुना मिस्त्री. मी म्हटलं, बरं झालं आलात. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका मी खूश होतो.

पुढं गुढीपाडव्याला त्याच हॉलच्या उद्घाटनाचं आमंत्रण आलं. प्रमुख पाहुणे मी आणि सत्कारमूर्ती बापूसाहेब. गावानं श्रमदानानं दगड वाहून हा हॉल उभा केला होता. बापूसाहेबांनी नकाशा फुकट करून दिला होता आणि यापुढं काम घेणार नाही, हे शेवटचं, असंही सांगून टाकलं होतं. जीपमध्ये ते माझ्या शेजारी बसले होते. लेकीच्या सासरी पहिल्यांदा निघालेल्या बापासारखे. गडहिंग्लज मागं पडलं तसे ते बोलायला लागले. त्या हॉलमध्ये बायकांसाठी गॅलरी आहे, पाच फूट पुढं आलेली, खाली एकही खांब नाही. गावात नाटक असो की सभा, बायकांना कोपऱ्यात उभं राहून बघावं लागतं. आता वरून ऐटीत बसून बघतील.

आम्ही पोचलो तेव्हा हलगी वाजत होती. दारात सरपंच, हेडमास्तर आणि नव्या लुगड्यातल्या बायका. गॅलरीच्या जिन्यापाशी बायकांची अशी गर्दी की विचारू नका. सगळ्यांना पहिली जागा हवी होती. मला एक वाईट खोड आहे. कुठल्याही इमारतीत गेलो की कार्यक्रमाआधी एकट्यानं फिरून यायचं. आमची ही म्हणते, सोयरीक बघायला आल्यासारखं काय बघता? त्या दिवशीही चपला काढून मी गॅलरीत चढलो.

वर नुकतीच धुलाई झाली होती. सिमेंटचा कोबा होता, म्हणजे घोटून गुळगुळीत केलेली सिमेंटची जमीन. दारापाशी रांगोळी. खिडकीतल्या उन्हानं कोबा भराभर वाळत होता. पण जिथं गॅलरी भिंतीला मिळते, तिथं भिंतीला धरून एक बारीक ओली रेघ वाळायला तयार नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आखल्यासारखी.

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण ओली राहिलेली रेघ म्हणजे भेग, पाणी प्यालेली. आणि कोबा तर पंधरा दिवसांपूर्वीचा, हे हेडमास्तरांनी नुकतंच सांगितलं होतं. नव्या कोब्यातून भेग वर आली, याचा अर्थ गॅलरी अजून खाली चालली होती.

इथं थोडं समजावून सांगतो. दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब वजनानं पोटात ताणला जातो, म्हणून त्याची लोखंडी सळई खालच्या अंगाला घालतात. गॅलरीचं उलटं. पाण्यानं भरलेली बादली हात लांब करून धरून बघा, ताण खांद्याच्या वरच्या बाजूला येतो. म्हणून गॅलरीची सळई वर पाहिजे, अगदी वर, कातडीखालच्या शिरेसारखी. ती खाली गेली तर असून नसल्यासारखीच. स्वतःचं वजन पेलेल कसंबसं, पण वर शे-सव्वाशे बायका बसल्यावर काय होईल ते सांगता येणार नाही. आणि गॅलरीच्या बरोबर खाली शाळेची पोरं बसायची होती.

मी घाईघाईनं खाली आलो. एवढ्यात सरपंचांनी बायकांना वर चढायला सांगितलं. मी जिन्यात आडवा उभा राहिलो आणि म्हटलं, आज गॅलरी उघडायची नाही, बायकांना खाली पुढं बसवा, पुरुष मागं उभे राहतील. भेगेचं नाव काढलं असतं तर चेंगराचेंगरी झाली असती, आणि शिवाय बापूसाहेब दहा हातांवर उभे होते. त्यांच्या शेवटच्या कामावर, त्यांच्याच सत्काराच्या दिवशी, सगळ्या गावासमोर मी काय बोलणार?

सरपंच हसले. त्यांना वाटलं, पाहुणा चेष्टा करतोय. मग त्यांचा आवाज चढला.

"पावणं, असं कसं चालंल? बायका म्होरं आन् गडी मागं? ह्या गावात आजवर झालं न्हाय. आन् गॅलरी बायकांसाठीच बांधलिया की!"

मी म्हटलं, मग नारळ तुम्हीच फोडा, मी चाललो. मागून कुणीतरी म्हणालं, कोल्हापूरचा शहाणा दिसतोय. एक म्हातारा म्हणाला, पावण्याला पित्त झालंय, लिंबू द्या. जिन्यातल्या बायकाही चिडल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. इतकी वर्षं कोपऱ्यात उभ्या राहिल्या, आज हक्काची जागा मिळाली तर हा कोण टिकोजीराव आडवा आला? हलगी थांबली. आयुष्यात एवढ्या लोकांनी एकाच वेळी माझ्याकडं रागानं कधी बघितलं नव्हतं.

बापूसाहेबांनी मात्र माझ्या तोंडाकडं बघितलं. बायकांतून वाट काढत ते वर गेले. सत्तरीचा माणूस गुडघ्यावर बसला, हे मला जिन्यातून दिसलं. त्यांनी त्या ओल्या रेघेवरून बोट फिरवलं, नखानं खरवडून बघितलं. खाली आले, शिपायाकडून कुलूप मागून घेतलं, जिन्याच्या दाराला लावलं आणि किल्ली कोटाच्या खिशात घातली.

"अध्यक्ष सांगतात ते ऐकायचं," ते सरपंचांना म्हणाले. "हॉल मी बांधलाय. मीही तेच सांगतोय."

मग कुणाची टाप होती? पोरांना गॅलरीखालून उठवून भिंतीकडं बसवलं. गॅलरीखालची जागा मी बाकं आडवी लावून मोकळी ठेवली. बायका पुढं बसल्या, अगदी व्यासपीठाला भिडून, आणि गावातले पुढारी, पैलवान, सोसायटीचे चेअरमन मागं, बाकांच्या अलीकडं, ताटकळत राहिले. कार्यक्रम चांगला तासभर चालला. भाषणात मी काय बोललो ते मला आठवत नाही, माझं सगळं लक्ष वर होतं. बापूसाहेबांना कोल्हापुरी फेटा बांधायला सरपंच उठले, तेव्हा त्यांनी हात जोडले आणि फेटा आज नको, नंतर बांधा, एवढंच म्हणाले. लोकांना वाटलं, म्हातारा रुसला.

गर्दी पांगल्यावर, उजेड होता तोवर, आम्ही आधी गॅलरीला खालून लाकडी टेकू दिले. मग उद्घाटनाला आलेल्या दत्तू मिस्त्रीला छिन्नी-हातोडा घेऊन वर बोलावलं. बापूसाहेबांनी भिंतीजवळ खडूनं फुली मारली आणि फोड म्हणाले. एक इंचावर सळई लागायला हवी होती. लागली नाही. दोन इंचावर नाही. साडेतीन इंच खाली गेल्यावर छिन्नी लोखंडावर वाजली. स्लॅबची जाडीच सगळी पाच इंच.

दत्तूच्या हातातली छिन्नी तशीच राहिली. जिन्याच्या दारात एक बाई उभी होती, गंगव्वा नावाची. हॉलच्या कामावर ती पहिल्या दिवसापासून घमेली वाहायला होती. तीच बोलली.

"साहेब, आमीच तुडिवल्या की वो त्या सळ्या. डोक्यावर घमेलं, पायाखालचं दिसत न्हाय. पाय अडकून दोघी पडल्या. मग मिस्त्री म्हणालं, दाबून चाला."

दत्तूनं मान खाली घातली. बायका पडत होत्या, म्हणाला, आणि मला वाटलं, लोखंड हाय न्हवं आत, मग वर काय आन् खाली काय. इतकी वर्षं बापूसाहेबांच्या हाताखाली काढलेला माणूस. सळई वर ठेवायची हे त्याला ठाऊक होतं, पण का ठेवायची हे त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायची गरजच पडली नव्हती, कारण दर वेळी बापूसाहेब स्वतः तिथं उभे असायचे.

त्याला कुणी रागावलं नाही. बापूसाहेबांनी फक्त विचारलं, किती वाजता झालं हे? दत्तू म्हणाला, जेवणं झाल्यावर, तुमची जीप गेली आन् लगीच.

परतीच्या वाटेला लागलो. माझ्या डोळ्यांपुढं तो समारंभ येत होता, तो हार, आणि त्यांच्या बुटांवरचं ओलं सिमेंट. त्या सिमेंटकडं बघून मला त्या दिवशी केवढं भरून आलं होतं, की माझ्यासाठी बापूसाहेब साइट सोडून आले! इंजिनियर असून एवढं डोक्यात येऊ नये? गडहिंग्लज आलं तेव्हा मी सांगून टाकलं.

"जीप मी पाठवली होती, बापूसाहेब."

"जीप तू पाठवलीस," ते म्हणाले. "चढलो मी."

त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्यापाशी कधी काढला नाही. दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षाची डायरी काढली आणि त्या महिन्याच्या फिती, विटा, बक्षीस समारंभ सगळं रद्द केलं. आमच्या संस्थेच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात एक काळा फळा आणून लावला आणि त्यावर लिहिलं, 'आज स्लॅब कुणाचा?' नियम केला. ज्या सभासदाचा स्लॅब असेल त्यानं आदल्या दिवशी फळ्यावर लिहायचं. त्याला काही अडचण असेल तर त्याच्या जागी दुसरा उभा राहील, आणि दुसरा मिळाला नाही तर अध्यक्ष. बैठकीत बोंबाबोंब झाली. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, अध्यक्षानं दुसऱ्याच्या साइटवर उभं राहायचं म्हणजे पदाची शोभा काय राहिली? मी म्हटलं, शोभा एका गॅलरीत बघून आलोय, चला दाखवतो. नियम मंजूर झाला.

त्या वर्षी मी दुसऱ्यांच्या इतक्या स्लॅबवर उभा राहिलो की घरी मटणाचं नाव काढलं तरी नको वाटायचं. घमेली वाहणाऱ्या बायकांसाठी विटांवर फळ्या टाकून वाट करायची, म्हणजे सळ्यांवर पाय पडत नाही, ही साधी गोष्ट आम्ही साइटवर जाऊन मिस्त्रींना दाखवली, आणि का करायची तेही सांगितलं. त्या वेळी बादलीचं उदाहरण मी सगळीकडं देत होतो. एका मिस्त्रीनं खरंच दोन बादल्या आणून मला धरायला लावल्या.

इकडं गॅलरी पाडायची होती आणि पुन्हा बांधायची होती. सिमेंट त्या वेळी परमिटवर मिळायचं आणि परमिट महिनोन् महिने येत नसे. तेव्हा आमच्या सभासदांनी आपापल्या कामावरची उरलेली पोती गोळा करून दिली. कायद्यात ते बसत होतं की नव्हतं, हे मी आजही विचारत नाही. तरी सगळं जुळून यायला दिवाळी उलटली. आणि गावानं स्लॅबचा दिवस कळवला, तो नेमका नव्या अध्यक्षाच्या समारंभाचा.

आमच्या ऑफिसात जुन्या-नव्या अध्यक्षांचे फोटो आहेत, दर वर्षी एक. मावळता अध्यक्ष नव्याला हार घालताना. त्या एकाच वर्षीच्या फोटोत मावळता अध्यक्ष नाही, हार चिटणीस घालतोय आणि मागच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या आहेत. फळ्यावर त्या दिवशी चार स्लॅब लिहिलेले होते. नवीन पोरं विचारतात, सर, तुम्ही कुठं? रुसला होतात काय? इतका कमी गर्दीचा समारंभ आमच्या संस्थेत दुसरा झाला नाही, आणि मला त्याचा जेवढा अभिमान आहे तेवढा कुठल्याच शालीचा नाही.

मी त्या गॅलरीवर होतो. बापूसाहेबांना सकाळी घरून घेतलं, तेही त्याच जीपमधून. सरपंचांनी पाडव्यापासून पेटीत जपून ठेवलेला फेटा आणला, पण बापूसाहेब म्हणाले, शेवटचं घमेलं पडल्यावर. फळ्यांची वाट टाकलेली होती. गंगव्वा सगळ्यात पुढं, घमेलं डोक्यावर घेऊन तयार. दत्तू मिस्त्रीनं एकेक सळई तारेनं बांधलेली दाखवली आणि न विचारता म्हणाला, "वर ताण येतो, साहेब, म्हणून वर."

बापूसाहेबांनी बूट काढले. अनवाणी पाय मधल्या सळईवर ठेवला आणि सगळा भार त्या पायावर टाकला. सळई हलली नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आता तू." मीही पाय दिला. हलली नाही.

"ओता," बापूसाहेब म्हणाले, आणि गंगव्वानं पहिलं घमेलं ओतलं.